अनुभव धागा : ड्रायर नुसताच घूं करतोय, दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचं?

रंकाळ्याचा वारा
आज पहाटे बोळातल्या कुणाच्या तरी ड्रायरचा 'घूंऽऽ' ऐकू आला. अडकलेला, न फिरणारा. पाऊस लागला की हा आवाज येतोच, आणि शाळेचे ओले युनिफॉर्म इस्त्री फिरवून वाळवायचे दिवस आठवतात. म्हणून धागा काढला. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला तर काय बघायचं, कुठवर खर्च करायचा, कधी मशीनच बदलायचं? माहीतगारांनी लिहा. ऐकीव नको, पार्टचं नाव आणि कारण सांगा.

10 नंबर पाना
घूं करतोय म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतेय. टायमर ठीक, झाकणाचा स्विच ठीक. बहुतेक वेळा राहतात तीन गोष्टी: कपॅसिटर (मोटरला फिरायला धक्का देणारा डबा), ब्रेक, नाहीतर टबाबाहेर उडून खाली जाऊन बसलेला मोजा.

प्लग काढा, मागचं कव्हर खोला, झाकण बंद ठेवा. झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेलाच असतो, टब जाम वाटणारच. लोक इथंच फसतात आणि मोटर गेली म्हणून मोकळे होतात. आता मोटरच्या वर गोल ब्रेक ड्रम दिसेल तो हाताने फिरवा. सुळसुळीत फिरला तर आधी कपॅसिटरवर संशय घ्या. घासत फिरला तर ब्रेकची वायर ताणून लांबली आहे, त्यामुळे झाकण बंद केलं तरी ब्रेकचा गुटका पुरता उचलत नाही. वायरच्या टोकाचा हुक पुढच्या भोकात अडकवला की बऱ्याचदा काम होतं. अजिबात हलला नाही तर कापड अडकलंय किंवा शाफ्ट (टब फिरवणारा दांडा) गंजून बुशमध्ये, म्हणजे तो ज्या कड्यात फिरतो त्यात, धरलाय.

कपॅसिटर बहुधा तीन वायरींचा असतो आणि त्यावर दोन आकडे असतात, समजा 10 + 5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट. मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा, लहान ड्रायरचा. म्हणून एकाच डब्यातला अर्धा भाग मरतो, धुणं चालतं आणि ड्रायर नाही. छापलेत तेच आकडे घ्यायचे. "थोडा मोठा टाकतो, जोरात फिरंल" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मोटर तापते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं.

पेठेतली सून
चहा पाजून 😂 कोल्हापुरात आधी चहा, मग निदान!

मेगर
पाना यांनी एक सांगायचं ठेवलं. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो रिकामा करा, प्लग काढला तरी आत भार राहू शकतो. साध्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना थोडा वेळ लावल्या की झालं, तीन वायरी आहेत म्हणून प्रत्येक जोडीला. स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी पाडू नका.

मल्टिमीटरवर 5 चा कपॅसिटर 4.75 ते 5.25 मध्ये दाखवायला हवा. 4 च्या खाली घसरला की रिकामा टब फिरतो आणि ओले कपडे टाकले की घूं. फुगलेला किंवा तळातून तेलकट पाझरलेला असेल तर मीटर काढायचीही गरज नाही.

कपॅसिटर ठीक निघाला तर मोटरच्या तीन वायरी सोडवून तिन्ही जोड्यांचे ओहम घ्या. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. नाही आला तर वाइंडिंग आतून शॉर्ट. एखादी वायर तुटलेली दाखवली तर आधी वाइंडिंगवर बांधलेला थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) तपासायला सांगा. कधीकधी वाइंडिंग धडधाकट असतं आणि निव्वळ फ्यूज गेलेला असतो. तो बदलायचा, वगळून वायर जोडायची नाही.

गडहिंग्लजची माई
ते मायक्रो का काय ते माझ्या डोक्यावरनं गेलं. आधी हे सांगा, ड्रायरच्या खालनं तांबूस पाणी गळतंय, ते कशानं?

10 नंबर पाना
माई, बेलो फाटलाय. ड्रायरच्या तळाशी शाफ्टभोवती पन्हाळीसारख्या घड्यांचं रबर असतं ते. पाणी शाफ्टवरून उतरतं, गंज धरतं, म्हणून तांबूस. हे पाणी थेट मोटरवर पडतं, तेव्हा "गळतंय तर गळू दे, खाली फडकं टाकू" असं करू नका. स्वस्तातलं रबर न बदलल्यानं मोटर जाते.

बदलायला: खाली शाफ्टच्या कपलिंगला (टब आणि मोटर जोडणारा भाग) दोन बोल्ट असतात, त्यांचे लॉकनट 10 नंबरच्या पान्याने ढिले करायचे, आतला टब सरळ वर उचलायचा. गंजून बसला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, हातोडी नको. जुना बेलो काढा, खाच पुसा, नवा बसवा, शाफ्टला ग्रीस लावा. ग्रीस ब्रेकच्या गुटक्याला लागता कामा नये, नाहीतर ब्रेकच लागणार नाही. परत बसवताना बोल्टचं टोक शाफ्टच्या सपाट बाजूवर आलं पाहिजे.

कांदाभजी
राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाणी वाढलं की आपोआप उघडतात आणि आपल्या ड्रायरचं झाकण नीट बंद होईना 😄 बाकी या हवेत भजी तळा, कपडे आपोआप वाळतील वासानं.

पेठेतली सून
वासानं वाळणार नाहीत, वास येईल. रेनकोट ड्रायरमध्ये टाकू नका हेही लिहा कुणीतरी.

मेगर
बरोबर. रेनकोट, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ यातून पाणी सुटत नाही, एका बाजूला साचतं आणि टब उडायला लागतो. मोटर तीन स्प्रिंगांवर बसलेली असते, एक तुटली की ठोठो आवाज. स्प्रिंग बदलायच्या तर तिन्ही एकदम.

उद्यमनगरी
रिवाइंडिंगबद्दल, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याबद्दल. ड्रायरची मोटर लहान, तांब्याचं रिवाइंडिंग आणि नवी मोटर यांच्या पैशात फारसं अंतर राहत नाही. जुन्या मॉडेलची मोटर मिळतच नसेल तरच रिवाइंडिंग. नवी घेताना जुनी मोटर पिशवीत घालून दुकानात न्या, फोटो चालत नाही. शाफ्टची जाडी आणि लांबी, बसवायच्या भोकांमधलं अंतर, फिरायची दिशा सगळं जुळलं पाहिजे. तांब्याची म्हणून ॲल्युमिनियमची देतात, दोन्ही हातात घेऊन वजन बघा.

माझा हिशोब असा. कपॅसिटर, बेलो, ब्रेक वायर, टायमर, स्विच: डोळे झाकून दुरुस्त करा. नुसती मोटर आणि बॉडी ठणठणीत: दुरुस्त. मोटर गेली, त्यात धुण्याचा गिअर बॉक्सही घरघरतोय: थांबा, नव्याच्या निम्म्याला पोचलात. बाहेरच्या भांड्यालाच तडा, किंवा मोटर जिथं बसते तो पत्रा गंजून खाल्लेला: एक रुपयाही घालू नका.

वलणीवरचा मोजा
गरम हवेच्या ड्रायरचं, म्हणजे टम्बल ड्रायरचं गणित वेगळं. ड्रम फिरतोय पण गरम होत नाही: हीटर, थर्मोस्टॅट नाहीतर थर्मल फ्यूज. फ्यूज बहुधा जाळीत कपड्यांचे तंतू साचून हवा अडली म्हणून जातो, जाळी साफ न करता नवा घातला की तोही जाणार. मोटर चालतेय, ड्रम थांबलाय आणि हाताने हलका फिरतोय: पट्टा तुटला. हे सगळं दुरुस्त करण्यासारखं. हीट पंपवाल्याचा (फ्रिजसारखा गॅस आणि कंप्रेसर असलेल्या ड्रायरचा) गॅस गळला किंवा कंप्रेसर गेला तर मात्र नव्याची किंमत विचारून मगच ठरवा. हीटरवाला 2000 वॉटच्या वर ओढतो, 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका.

शाहूपुरी 4 थी गल्ली
पुराच्या पाण्यात बुडालेल्या मशीनचं पण लिहा की. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की आमच्याकडं सगळ्या वस्तू माळ्यावर चढवायची घाई, मशीन तेवढं खालीच राहतं.

मेगर
चालतंय का बघायला म्हणून बटण दाबायचं नाही, ही पहिली गोष्ट. चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, मोटर काढून काही दिवस कोरडी होऊ द्या, मग 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघा. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर वीज द्यायची नाही, अजून वाळवा. कपॅसिटर आणि टायमर नवेच घाला. इतकं करूनही बुशमध्ये गाळ राहिला की मोटर वर्षभरात ओरडू लागते, त्यामुळे बुडालेली जुनी मशीन मी तरी बदला असंच सांगेन. एवढं मशीन माळ्यावर जाणार नाही, पण मोटर तळाशी असते. चार विटांवर चढवलं तरी फरक पडतो.

पेठेतली सून
विटांवर ठेवलं की खालनं उंदीर!

10 नंबर पाना
उंदीर विटांशिवायही येतो. तळाला जाळी स्क्रूने बसवा, तारेची नको, गंजते. वायर कुरतडलेली असेल तर टेप गुंडाळून सोडू नका, ओल्या जागी शॉक बसतो. तुकडा बदला, अर्थिंग तपासा. आणि कुणी झाकणाच्या स्विचच्या वायरी डायरेक्ट जोडून दिल्या असतील तर त्याच दिवशी सोडवून घ्या. टब मिनिटाला हजारावर फेरे घेतो, घरात पोरं असतात.

कांदाभजी
जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ का?

उद्यमनगरी
आधी एक्स्चेंजला काय धरतात ते विचारा. नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, वॉशिंग मशीन त्या नियमांत येतं. पण चालू टायमर, झाकणाचा स्विच, धुण्याची मोटर काढून ठेवा, गल्लीत त्याच मॉडेलचं दुसरं मशीन असतंच.

रंकाळ्याचा वारा
बोळातल्या काकूंकडं जाऊन आले. मागचं कव्हर खोललं, झाकण बंद, ड्रम सुळसुळीत फिरतोय. कपॅसिटरवर 9 + 4 लिहिलंय, दुकानदार म्हणतोय 10 + 5 आहे, घेऊन जा, सगळ्यांना हाच देतो. चालेल का?

10 नंबर पाना
नाही. जुना पिशवीत घाला आणि दुसऱ्या दुकानात जा.