मेपलचा पाक, बर्फ आणि लोणचं : व्हरमाँटचे अनुभव लिहा

चुलाण
गुऱ्हाळातल्या काहिलीचा फोटो पाहिला आणि अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली शुगरहाऊसं, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवायच्या शेड आठवल्या. मार्चमध्ये छपराच्या झडपांतून वाफ निघाली की समजायचं, मेपलचा रस कढतोय. तिथे 'शुगर ऑन स्नो' असते: कढत पाक बर्फावर ओततात, सोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं. लोणचं हवंच! गोडाची मिठी सुटते आणि पुन्हा खाता येतं. तिकडच्यांनो, लिहा.

रानवाट
पाक ११२ सेल्सिअसला उतरवा, आपल्या गोळीबंदच्या आसपास. बर्फावर चिकट पट्टी धरली पाहिजे. आत झिरपला तर पाक कच्चा. बर्फ थाळीत दाबून घट्ट करा. पाक ढवळत बसू नका, साखर धरते.

उत्तरा७
४० लिटर रसाचं १ लिटर सिरप, हे ढोबळ. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा. २ टक्के असेल तर ४३ लिटर लागतात, ३ टक्के असेल तर २९ च.
सिरप पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश वर तयार होतं. पण पाणी रोज १०० लाच उकळतं असं धरू नका, हवेच्या दाबाने फरक पडतो. आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघा. कमी आटलं तर आंबतं, जास्त आटलं तर बाटलीत खडे धरतात. व्हरमाँटचा नियम ६६.९ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे साखरेचे टक्के), अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी ६६ चालतं.

काहील
मळी कशी काढतात? आपल्याकडे भेंडीचा चीक घालतात.

उत्तरा७
@काहील तिथे त्रास फेसाचा. लोण्याचा किंवा सायीचा एक थेंब टाकला की बसतो. पूर्वी कढईवर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत, फेस तिथवर चढला की आपोआप खाली. शेवटी खनिजांची बारीक रेव उरते, ती जाड नमद्यातून गाळायची. कढत असतानाच हं, गार झाल्यावर गळत नाही.

पानगळ
झाडाचं कुणी बोललंच नाही. खोड निदान १० ते १२ इंच व्यासाचं हवं. ५/१६ इंची ड्रिल, दीड इंच खोल, भोक आत किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेर ओघळतो. भुसा पांढरट निघाला तर ठीक. तपकिरी असेल तर ते लाकूड मेलेलं, जागा बदला. जुन्या भोकाच्या सरळ वर-खाली कधीच नको. तोटी जोरात ठोकलीत तर खोड चिरतं. रात्री गोठायला हवं, दिवसा वितळायला हवं. कळ्या फुगल्या की रसाला वास लागतो, मग थांबायचं.

मंगळवार
भोकं पाडायचा जुना मुहूर्त मार्चचा पहिला मंगळवार, टाउन मीटिंगचा! बऱ्याच गावांत लोक हॉलमध्ये जमून गावचा अर्थसंकल्प हात वर करून ठरवतात. हल्ली थंडी लवकर सरते, म्हणून फेब्रुवारीतच भोकं पाडतात.

रानवाट
आणि जोज पाँड! गोठलेल्या तळ्यावर सिमेंटचा ठोकळा ठेवून तो दोरीने काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ वितळून ठोकळा बुडाला की घड्याळ थांबतं. ती वेळ आधी ओळखायची पैज असते.

काहील
लोणचं कैरीचं चालेल?

चुलाण
तेलाचं नको. खाऱ्या पाण्यातली आंबट काकडीच, थंडगार.