जुन्या पुलाची देखभाल नक्की कोण बघतं?

माणगावकर: आमच्या गावाकडे जाणारा दगडी पूल आहे, सांध्यांत पिंपळ उगवलाय, कठडा तुटलाय. ग्रामपंचायत म्हणते आमचं काम नाही. मग विचारायचं कुणाला?

साइटवरचा: आधी रस्ता कुठल्या वर्गात येतो ते बघा. राज्य महामार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम विभाग), इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषद. पिंपळ नुसता वरून तोडू नका हां, मुळं आत राहतात आणि दगड फाकवतात, ती काढून सांधे परत चुन्याने किंवा ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरावे लागतात. पण खरी भीती पायाची असते, पुरात खांबाखालची माती खरवडून जाते आणि वरून पूल ठणठणीत दिसतो.

रेखाताई: सावित्रीचा पूल आठवतोय ना, महाडजवळचा, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस वाहून गेल्या. नवीन पूल वर्षभरात झाला, पण गेलेली माणसं कुठून आणायची? माझा राग यावर आहे की बांधायला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत.

साइटवरचा: ताई बरोबर. आणि ऑडिटचा, म्हणजे पुलाच्या मजबुतीच्या तपासणीचा, कागद असला म्हणजे झालं असंही नाही, मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल ऑडिट होऊनही १४ मार्च २०१९ ला पडला. माणगावकर, पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीची नोंद माहिती अधिकारात मागा, पाया पाण्याखाली तपासला का तेही विचारा.

माणगावकर: सोमवारीच अर्ज टाकतो, फोटोही जोडतो.