टीबी गोळीने बरा होतो, मग खिडकी कशाला मोजता?

तिसरा_मजला:
काल आगाऊ_कारकून यांनी लिहिलं, "टीबी सहा महिने गोळ्या खाऊन बरा होतो. घर, पगार, जेवण सगळं आरोग्याच्या नावावर खपवायचं, तर डॉक्टरांनी इमारती बांधायच्या का?" वाचून झोप उडाली, म्हणून वेगळा धागा.

मानखुर्द-गोवंडीकडची लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंड घ्या. प्रकल्पांसाठी उठवलेल्या लोकांना २२५ चौरस फुटांची घरं, दोन इमारतींत अंतर ३ मीटर. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांचा अभ्यास आला. या दोन्हीकडे टीबी भरपूर. जवळच्या पीएमजी कॉलनीत, जिथे इमारती लांब आहेत, फारच कमी. मी अशाच एका वसाहतीत राहतो. भरदुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. बहिणीने दोनदा कोर्स पुरा केला. गोळी बदलली, खोली तीच.

टाकीच्या झाकणातून डास शिरला तर पालिका नोटीस काढते. म्हणजे बांधकामात आरोग्य बघता येतं. मग हवेनेच काय घोडं मारलंय?

आगाऊ_कारकून:
बहिणीचं वाईट वाटलं, खरंच. पण ३ चे ६ मीटर केलेत की त्याच जागेत घरं कमी बसणार. उरलेली कुटुंबं रुळांच्या कडेलाच ना? त्यांचा टीबी कोणाच्या खात्यात मांडायचा?

गिरणगावकर:
मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला इंग्रजांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. पुढे त्याच ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला, म्हणजे समोरची इमारत त्या कोनाच्या वर जाऊन आभाळ झाकायची नाही, खोलीत उजेड यायलाच हवा म्हणून. गोऱ्या साहेबाला कळलं ते आपल्याला कळेना.

आगाऊ_कारकून:
त्याच साहेबाने पाडल्या तितक्या खोल्या बांधल्या नाहीत, काका. उजेड आला, माणसं बाहेर.

सिस्टरबाई:
खिडकीवरून भांडताय, ताटाकडे बघा. झारखंडात रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्यांच्यातला नवा टीबी जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. २०२३ साली छापून आलंय. आपल्याकडे सरकारकडून रुग्णाला जेवणासाठी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. त्यात घरची पाच तोंडं. शिवाय खात्याला आधार जोडलेला नाही म्हणून पैसे अडकले, की शिव्या मला.

सोसायटी_सचिव:
खिडक्या आहेत हो, उघडतं कोण? मधल्या गल्लीत वरून डायपर, माशाची आतडी, सगळं पडतं. पहिल्या मजल्यावाल्यांनी प्लाय ठोकलाय. आधी सवयी सुधारा, मग धोरण.

तिसरा_मजला:
लिफ्ट दीड वर्ष बंद. सातव्या मजल्यावरची गुडघ्याची पेशंट म्हातारी रोज कचरा घेऊन उतरणार?

सोसायटी_सचिव:
लिफ्ट बंद कारण मेंटेनन्स कोणी भरत नाही. आमच्याकडे निम्म्यांनी घरं भाड्याने दिलीत आणि स्वतः परत झोपडीत. फुकट मिळालं की असंच.

तिसरा_मजला:
फुकट? आमची खोली रस्त्यात गेली, आईची चार घरची कामं गेली. शब्द जपून वापरा.

सिस्टरबाई:
सचिवसाहेब, "सवयी" म्हणताय तर एक सांगा, कचरा नेणारी गाडी तुमच्या गल्लीत किती वेळा येते?

सोसायटी_सचिव:
येते. आठवड्यातून कधीतरी.

गिरणगावकर:
झालं! म्हणे सवयी.

आगाऊ_कारकून:
कचऱ्याचा धागा वेगळा काढा. टाकीच्या झाकणाचा मुद्दा मात्र मानला, नाइलाजाने. नवीन नकाशा मंजूर करताना हवा-उजेड तपासा, माझी ना नाही. पण उभ्या इमारतींचं काय? खांदा लावून लांब सरकवणार?

सिस्टरबाई:
निदान जिन्यातल्या हवेच्या झडपांवर ठोकलेले पत्रे तरी काढा. एक खिळा उपटायला मंत्रालयात जावं लागत नाही.

सोसायटी_सचिव:
पत्रे काढले की कबुतरं येतात.