पावसाळ्यापेक्षा फेब्रुवारी बरा
नाशिकच्या वायनरीची, म्हणजे वाइन बनवतात त्या ठिकाणाची, अर्ध्या दिवसाची सहल पावसाळ्यातच करावी, तेव्हा सगळं हिरवं असतं, असा एक सल्ला वाचला. गंगापूर धरणाकडचा परिसर तेव्हा देखणा असतो हे मान्य, पण वेलींवर घड नसतात. आपल्याकडे खरडछाटणी (नव्या फांद्या फुटाव्यात म्हणून) एप्रिलच्या सुमारास, फळछाटणी (घड धरावेत म्हणून) सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च.

आम्ही फेब्रुवारीत सकाळी गेलो होतो. गाइडने शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा मणी हातावर ठेवला. बारीक, जाड सालीचा, आत बिया, आणि थॉमसन ही बिनबियांची द्राक्षं खाऊन वाढलेल्या आम्हा नाशिककरांना वाटलं नव्हतं इतका गोड. त्याने तो चिमटून दाखवला तर रस जवळजवळ बिनरंगी! रेड वाइनचा रंग सालीतून उतरतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. हे बघितल्यावर पुढचं टेस्टिंग मी फार सावकाश केलं. गाडी चालवणारा मात्र न पिणाराच न्या.