मदत हवी आहे: ओपिऑइडच्या चिठ्ठ्या मोजून दोन प्रदेशांची तुलना होते का?

नमस्कार मंडळी,

शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची मी घरी जाऊन शुश्रूषा करते. सहकाऱ्यांपुढे ओपिऑइड औषधांवर, म्हणजे मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांवर, बोलायचंय आणि आकड्यांपाशीच अडकलेय.

२०१२ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात डॉक्टरांनी दर १०० माणसांमागे ओपिऑइडच्या सुमारे १४३ चिठ्ठ्या लिहिल्या, हवाईत ५२. देश एकच, आणि दुखणी काही राज्यागणिक तिप्पट होत नाहीत. म्हणून कमी चिठ्ठ्या म्हणजे चांगलं, असं लिहायला घेतलं. मग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने वेदनाशमनावर नेमलेल्या आयोगाचा २०१७ चा हिशेब पाहिला. जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या २९८.५ टन ओपिऑइडपैकी (सगळी मॉर्फिनच्या मापात मोजून) सर्वात गरीब देशांना मिळतं अवघं ०.१ टन. तिथला कमी आकडा म्हणजे नुसतं विव्हळणं.

मध्यंतरी एका आजोबांकडे गेले होते. उशीचा अभ्रा दातांत घट्ट धरून पडलेले. मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात वरच्या फळीवर, पाकीट न फोडलेलं. मुलगी हळूच म्हणाली, "ताई, सवय लागली तर?" नोंदीत या घरापुढे 'औषध दिलं' असंच लागणार. मला फार लागलं ते.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत चिठ्ठ्या २०१२ नंतर घटत गेल्या, तरी २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखावर माणसं गेली, त्यांतली बरीचशी बेकायदा फेंटॅनिलने, म्हणजे मॉर्फिनहून कितीतरी जहाल ओपिऑइडने. औषध एकदम तोडलं तर रुग्णाचे हाल होतात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच दिला होता. म्हणून हानी कमी करणाऱ्या सोयीही तुलनेत हव्यात असं मला ठामपणे वाटतं: वापरलेल्या सुया बदलून नव्या देणं, व्यसन सोडवायला मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडचे उपचार, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००३ पासून आहे तसं देखरेखीखाली अमली पदार्थ टोचून घेण्याचं केंद्र.

पण मांडायचं कसं? वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन आणि व्यसनमुक्तीसाठी दिलेलं मेथाडोन एकाच बेरजेत धरलं, तर ती बेरीज नेमकं काय सांगते? वेदना खरोखर शमली का, हे कुणी प्रदेशवार मोजलंय का?

आणखी एक. ओपिऑइडची मात्रा जास्त होऊन श्वास मंदावला, तर नॅलॉक्सोन या उताऱ्याचा नाकातला फवारा दोन-तीन मिनिटांत श्वास परत आणतो, पण त्यासरशी मॉर्फिनने दबलेली वेदनाही उसळते. शिवाय त्याचा अंमल मॉर्फिनच्या आधी उतरू शकतो. ज्या घरात मॉर्फिन चालू आहे, तिथल्या माणसांना हे न घाबरवता कसं समजावता? त्या मुलीकडे मला परत जायचंय.