वारंवार प्रवास करणाऱ्या डेस्कटॉपसाठी सीपीयू कूलर

प्रश्न: रायझेन ७ ७७०० प्रोसेसर (सीपीयू) असलेला माझा डेस्कटॉप दर पंधरवड्याला गाडीतून पुण्याहून रत्नागिरीला न्यावा लागतो. गेल्या खेपेस प्रोसेसर थंड ठेवणारा उंच टॉवर कूलर एका बाजूला कललेला दिसला. कोणता कूलर घ्यावा?

उत्तर: नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा कूलर पंख्यांसह सुमारे १.३ किलोचा असतो, आणि उभ्या कॅबिनेटमध्ये तो मदरबोर्डाला (प्रोसेसर बसवलेल्या मुख्य सर्किट बोर्डाला) आडवा लोंबकळत असल्याने प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट स्क्रूंवर येतो. आपला प्रोसेसर ६५ वॉटचा असल्याने नॉक्टुआचाच ७० मिलिमीटर उंचीचा, बुटका एनएच-एल१२एस कूलर पुरेल.

दुसरे उत्तर: लिक्विड कूलरमध्ये रेडिएटरचे (द्रव थंड करणाऱ्या जाळीचे) वजन कॅबिनेट पेलते, मात्र द्रव फिरवणारा पंप बिघडण्याची शक्यता उरते, म्हणून मी हवेचाच कूलर निवडेन. प्रवासात कॅबिनेट आडवे, मदरबोर्ड तळाशी येईल असे ठेवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. एल१२एस मागवतो.