शब्दचर्चा : कट, तर्री, सँपल

मुठाकाठची : कोल्हापुरात कटवडा खाल्ला. आम्ही पुणेकर यालाच वडा-सँपल म्हणतो. पण आमच्या घरी कट म्हणजे पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून घेतलेलं पाणी. त्याचा आणि वड्यावरच्या लालभडक रश्श्याचा काय संबंध? (वर्तमानपत्रात शिजतो तो कट सोडून बोला.)

पंचगंगेकाठचा : तुमची कटाची आमटी चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची, म्हणून प्रश्न पडला. आमच्याकडे पोळीबरोबरची आमटी झणझणीतच लागते. हरभऱ्याची डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवायची, ते पाणी काढून त्यात कांदा-लसूण मसाला, भाजून वाटलेलं खोबरं आणि चवीपुरतं पुरण. पातळ, वर तेल तरंगणारी, ताटात न घेता वाटीनं ओरपायची. मिसळीवर ओततात तेही असंच पातळ आणि जाळ. नाव तिकडून इकडे आलं असावं, हा माझा तर्क. घरात मात्र या आमटीला येळवणी म्हणणारेच जास्त. येळणे म्हणजे तुमचं वेळणे, शिजलेल्यातलं पाणी काढणे.

सीमाभागकर : कट एकट्या मराठीचा नाही हो. कन्नडमध्ये डाळीच्या त्या पाण्याला कट्टु म्हणतात आणि होळिगेबरोबर, म्हणजे पुरणपोळीबरोबर, कट्टिन सारु असतं. तेलुगूतही कट्टु आहे. कोणी कोणाकडून घेतला हे भांडण निवडणुकीपर्यंत राखून ठेवू.

वऱ्हाडी ठेचा : नागपुरात कट मागाल तर चहावाला कटिंग आणून देईल. इथे तर्री. सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, आलूबोंड्यावरही तीच. ‘भाऊ, तर्री जास्त टाकजो’ एवढं म्हटलं की काम होते. मूळ फारसी ‘तर’, म्हणजे ओला, तरबतर मधला. हिंदीत त्याचं तरी झालं, आम्ही आणखी एक र घातला. त्याशिवाय ठसका येत नाही.

मुठाकाठची : मग आमचं सँपल सगळ्यात गरीब. नमुना म्हणून मागायचं आणि दोन वाट्या रिचवायच्या!

पंचगंगेकाठचा : गरीब कसलं, तो पुणेरी हिशेब आहे. जादा रस्सा मागितला तर पैसे पडतील, नमुन्याचे कोण घेणार?

गिरगावकर : मुंबईत वडा-उसळ म्हणतो आम्ही, कारण वाटीत वाटाणा दिसलाच पाहिजे. आणि काही जण तवंग हा शब्द यांचाच पर्याय म्हणून वापरतात, ते पटत नाही. तवंग म्हणजे फक्त वर तरंगणारं तेल. मालवणी कोंबडीवरही तो येतो आणि डबक्यावरही. ‘एक प्लेट तवंग’ असं कोणी मागत नाही.

वऱ्हाडी ठेचा : पण ‘वरची वरची दे’ म्हणून मागतात की! तर्रीत दोन्ही बसते, रस्साही आणि वरचं तेलही. कटाचं कसं?

पंचगंगेकाठचा : कटाचंही तसंच. पळी वरून फिरवली की तेल जास्त, तळातून काढली की मटकी.